जगात अकरावी

द्वारका, रविवार संध्याकाळ

दुपारी जेवताना मीच तावातावाने बोललो होतो. सरकारने एवढा खर्च करून ऑलिम्पिकला पाठवायचं आणि पदक नाही, परवडतं का हे? संध्याकाळी सोसायटीच्या बागेत नेमकी वरच्या मजल्यावरची दीपाली भेटली. वेगचालीची, म्हणजे न धावता झपाझप चालायच्या शर्यतीची खेळाडू, कालच ऑलिम्पिकहून परत आलेली. आईने सरळ विचारलं, "कितवी आलीस गं?"

"अकरावी, आजी." आवाज अगदी बारीक.

"जगात?"

"हो."

"अगं, मग दहाजणी सोडल्या तर सगळं जग तुझ्या मागे!"

पोरगी बघतच राहिली, मग खळखळून हसली. आई म्हणाली, "आता मला शिकव." गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गेटपर्यंतही न जाणारी माझी आई! कंबर हलवत निघाली, मागे शेजारच्या खन्ना आंटी, "चलो चलो" करत.

खर्च वसूल झाला का? अजून ठरवता येत नाही. कितीतरी शाळांना मैदान नाही, हेही खरंच. पण जगात अकरावी! हे दुपारी का नाही सुचलं मला?

आई पडेल म्हणून मी मागे धावलो, तर तीच वळून ओरडली, "धावतोस काय रे? फाऊल आहे!"