सुतकात कातरलेला सायब

मु. डिंगोरे

तीर्थरूप इंद्रायणीअक्का,

धाकट्या साळूनं पाया पडायचं ऱ्हाऊन गेलं असं समज. आमाला सुतक हाय, नमस्कार फिटल्यावर घे. तुझे गुडघे कसे हायेत? दाजींचा खोकला?

आमचे दीर सावळेराम भावजी गेले ते तुला कळलंच. त्यांचं लांब कानांचं कुत्रं, पुण्याच्या बंगलेवाल्यानं दिलेलं, ज्याला आमी सायब म्हणतो, ते त्यांच्या खाटेखाली पडून हाय. भावजी दर रविवारी त्याचं तोंड-डोकं कातरायचे, नवरदेवावाणी पुढ्यात बसवून. पर दिवाळीपास्नं भावजीच अंथरुणाला, मग कोण कातरतंय? केसांनी डोळे झाकले, कानाच्या जटा झाल्या, अन् आतून असा वास की भाकर घशाखाली उतरंना. गेणभाऊ (भावकीतले वडीलधारे, सगळं कळतं, गप बसायचं तेवढं कळत न्हाई) म्हणाले, "कान सडलाय. वावराच्या बांधावर बांधा." अगं, ह्या बिबट्याच्या दिवसांत बांधावरचं कुत्रं सकाळी सापडतंय व्हय? नुसती साखळी.

मग मी ब्लाउज बेतायची कातर काढली. जटांना खोबरेल तेल लावून बोटांनी सोडवल्या, वरून फणी फिरवली. डाव्या हातात मुस्कट धरलं, कातरीचं टोक डोळ्यापास्नं लांब, भावजी धरायचे तसं. टाळू बारीक केली, डोळ्यांवरची झुलपं उडवली, कानाखालची गादी काढली, तवा आत दिसलं कुसळ! ओढलं तसा असा केकाटला की भावजीबी उठून बसले असते. (लिहू नये, पर मला हसू आलं. ते गेल्यापास्नं पहिलंच.) मग जुन्या चोळीची बाही डोक्यावरून चढवून कान मागं दाबले, म्हंजे खाताना ताटलीत बुडत न्हाईत. अक्का, काय देखणं तोंड निघालंय म्हणून सांगू! तुझ्या सासूबाईंसारखं, पर हसरं.

तेवढ्यात गेणभाऊ. "वैनी, सुतकात तेल-फणी बंद, अन् तुमी कुत्र्याची हजामत करताय?"

म्हणलं, "सुतक भावकीला. सायब भावकीत हाय का?"

"न्हाई."

"मग कातरला तर काय बिघडलं?"

"अन् भावकीत न्हाई, तर घरात ठेवलाय कशाला?"

इथं मी फसले बघ. तोंडातून निघून गेलं, "हाय भावकीत!"

"मग सुतक मोडलंत. दहाव्याला घाटावर सगळ्यांपुढं ठरवू, ठेवायचा का बांधायचा."

बाकी सगळं बरं हाय.

तुझी,
साळू

ता. क. दहाव्याला तू येशीलच. घाटावर ठासून सांग, आपल्या माहेरी सुतकातबी कुत्र्याचं डोकं कातरायची रीत हाय. मोठी म्हणून तुझं ऐकतील. माहेरी आपल्याकडं कुत्रंच नव्हतं, हे बोलू नकोस.

आणखी ता. क. केस काढले ते चुकलं का गं? आता त्याला नीट दिसतंय. खाट रिकामी हाय हे आधी ठाऊक नव्हतं त्याला. एकसारखा वर बघतोय, पर खाटेखालून हलत न्हाई. बांधावर नेला तर तिथनं खाट दिसायची न्हाई. गुडघे दुखले तरी ये.