चाकावरची बाई

४ मार्च

बंदर कचेरीतला कारकून येऊन गेला. शेडमध्ये काम चालू दिसलं तरच शेड माझी, नाहीतर महिनाअखेरीला तिचं गोदाम! "जहाजशाळेने मागवलेला दोर तेवढा पुरा करा, मग मी बघतो," म्हणाला. बोलायला काय जातं? दोर वळायला दोघं लागतात. एक चाक फिरवणार, दुसरा कमरेला ताग गुंडाळून चाकाकडे तोंड करून उलटा चालत जाणार. चाकावर ही असायची. ही गेली त्याला आता वर्ष होईल.

५ मार्च

शेडमध्ये नुसता बसून आलो.

७ मार्च

लेकीचा फोन. "बाबा, हट्ट सोडा, इकडे या." तिकडे येऊन काय करू? टीव्हीसमोर बसू?

म्हटलं, अगं, आपली गल्ली एवढी सरळ का, ठाऊक आहे? पणजोबा जहाजातून उतरले तेव्हा इथे नुसता चिखल. दोर वळायला सरळ लांब जागा लागते, म्हणून आपल्या लोकांनी भर घालून पट्टा बांधला. दोरासाठी जहाजं थांबायला लागली. ती रंगवायला समुद्रापलीकडून रंगारी आले, खालच्या गल्लीत राहिले. मग भटारखाने आले, पेढ्या आल्या. आजचा हमरस्ता म्हणजे आपलाच पट्टा पुढे वाढवलेला. अख्खं शहर आपल्या उलट्या चालीवर उभं आहे!

"बाबा, तुमचं चऱ्हाट पुरे," म्हणाली. मीही हसलो. फोन ठेवल्यावर घर खायला उठलं.

१० मार्च

चाकाला मोटर लावून पाहिली. निम्म्या अंतरावर गेलं की चाक जरा हळू करावं लागतं. मोटरला काय कळतंय! सगळा दोर गुठळ्या-गुठळ्या. ताग फुकट. हात सोलवटला तो वेगळाच.

आमच्यातला गल्लीत आता एकच उरलाय, कोपऱ्यावरचा हॉटेलवाला. त्याला विचारलं. "काका, आता कोण दोर वळतं हो? चहा घ्या." घेतला.

१२ मार्च

खालच्या गल्लीतली रंगारीण आली. जन्मभर जहाजांच्या पोटाला रंग मारलाय बाईने, नखं अजून तांबडी. म्हणाली, "भाऊजी, मी फिरवते की चाक."

माझं डोकंच फिरलं. आमच्यात परक्याचा हात चाकाला लागत नाही. आजोबांनी जावयालाही लावू दिला नव्हता! परक्या हाताने पीळ बिघडतो. तसं सांगितलं तोंडावर.

"बरं बाई. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही." गेली.

१३ मार्च

कोणी आलं नाही. मीच हाकलल्यावर कोण येणार!

१७ मार्च

कारकून पुन्हा डोकावून गेला. भिंतीची मापं घेत होता, मी समोर उभा असताना!

तो गेल्यावर तसाच खालच्या गल्लीत गेलो. दार वाजवलं. रंगारणीने चपला घातल्या. "चला," एवढंच म्हणाली. एक टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

१८ मार्च

दोर झाला! या टोकापासून त्या टोकापर्यंत एक गुठळी नाही. सांगायला घरात कोणी नाही, म्हणून इथे लिहितो — एक गुठळी नाही!

पण एक कोडं आहे. निम्म्यावर गेलो, ओरडून सांगणार एवढ्यात चाक आपोआप हळू झालं. मी तिला काहीच शिकवलं नव्हतं. आजोबा, तुमच्या नियमाचं काय आता?

१९ मार्च

कारकून दोर बघून गेला. शेड राहिली.

रंगारणीला विचारलंच — हात एवढा सरावलेला कसा? आधी तिने चाकाचा दांडा पुसला. मग म्हणाली, "भाऊजी, ताईंचा खांदा शेवटची दोन वर्षं वर होतच नव्हता. तुम्ही लांब गेलात की मी मागच्या दाराने येऊन चाक धरायचे. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती त्यांनी."

तेव्हा मला मोतीबिंदू. त्या टोकाला नुसती सावली दिसायची. हीच आहे असं समजून मी हात हलवायचो.

मला का नाही गं सांगितलंस?

उद्या रंगारणीला चहाला बोलावलंय. मी लांब असायचो तेव्हा दोघी काय बोलायच्या, ते विचारणार आहे.