ड्रमातले तेल माझ्या गाडीत घालू नये, याबाबत

मी, मृणाली मोरू घरत, वय वर्षे सव्वीस, व्यवसाय शाळेत ग्रंथपाल, राहणार जासई, तालुका उरण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. घरात दबाव आहे, परंतु तो मी गप्प बसावे यासाठी असतो.

लिहिण्याचे कारण असे. येत्या सोमवारी माझ्या यकृताचा काही भाग काढून माझे वडील मोरू घरत यांना बसवण्यात येणार आहे. थोरले बंधू कुलदीपदादा यांचे यकृत चरबीमुळे नापास झाले. नापास होण्याचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग नसल्याने त्यांनी तो शांतपणे सोसला. डॉक्टरांच्या मते मला धोका कमी आहे. कमी म्हणजे शून्य नव्हे, एवढे मराठी मला येते. मात्र मला शस्त्रक्रियेहून अधिक भीती पुढच्या काळाची वाटते. माझा तुकडा ज्यांच्या पोटात जाणार, ते दिलेल्या वस्तूची देखभाल कशी करतात, याचा पुरावा आमच्या अंगणात उभा आहे. त्याचे वर्णन कलम ३ पासून केले आहे.

१. माझ्या बचत खात्यातील शिल्लक आई केसर हिला मिळावी. पुढील वादात तिने कधीही मत दिले नाही, कारण तिला कोणी विचारले नाही.

२. माझी पुस्तके मैत्रीण सुचिता म्हात्रे हिने न्यावीत. ती घरात ठेवू नयेत. मागे माझी एक कादंबरी ट्रेलरचे चाक घसरू नये म्हणून टायरखाली लावलेली आढळली होती.

३. माझ्या नावावर एक लहान पेट्रोल मोटार आहे. ती मी माझ्या पगारातून घेतली. घरात आल्या दिवसापासून ती दादा चालवतात, कारण "तू लाजतंस, हॉर्न तरी वाजवशील का गो?" हा त्यांचा प्रश्न. आमच्या घरचे दोन ट्रेलर न्हावा शेवा बंदरात कंटेनर वाहतात. त्यांच्यासाठी अंगणात इंजिन ऑइलचा ड्रम असतो. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० तेल घालावे असे छापलेले आहे. ड्रमात १५डब्ल्यू-४० असते. हे मी वडिलांना दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "जे तेल चालीस टनाचा ट्रेलर वढतं, तं तुजी डबी न्हाय वढनार?"

मी म्हणाले, "बाबा, डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा लहान, तितकं तेल थंडीत पातळ राहतं."

"उरनान कंचा विंटर गो? पावसाला नि उनाला, दोनच."

सगळे हसले. मीही मान खाली घालून हसले. जे तेव्हा बोलता आले नाही ते येथे नोंदवते. इंजिनाचे काम शंभर अंशांच्या आसपास चालते. त्याच्या दृष्टीने उरणमधली मे महिन्याची सकाळही थंडच. गाडी सुरू होताच तेलाने धावत वरच्या भागांपर्यंत पोहोचायचे असते. जाड तेल दादांप्रमाणे सावकाश उठते, आणि ते येईपर्यंत लोखंड लोखंडावर घासते. दुसरा आकडा तापलेल्या तेलाचा. तोही पुस्तिकेने नेमून दिला आहे. जाडपणा म्हणजे ताकद हा समज वडिलांनी तेलापुरता तरी सोडावा. मुलांच्या बाबतीत त्याचे काय झाले, हे त्यांनी यकृताच्या तपासणीत पाहिलेच आहे.

४. मुदतीबाबत. पुस्तिका म्हणते: दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी घडेल ते. आमच्या घरी तेल दसऱ्याला बदलतात. गाड्या धुवायच्या, झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा आणि जुने तेल काढायचे. दादा माझी गाडी बंदरातल्या कंत्राटदारांच्या दिमतीला फिरवत. होळी सरली नाही तोच दहा हजार पूर्ण होत. मी सांगितले की दादा म्हणत, "किंवा लिवलंय ना? मग आमी वर्ष निवडलं." 'किंवा' या अव्ययाचा इतका सोयीस्कर अर्थ मला व्याकरणाच्या एकाही पुस्तकात सापडलेला नाही.

५. परिणाम. गेल्या श्रावणात वडिलांचे पोट पाण्याने फुगले. आम्ही त्यांना याच गाडीतून नवी मुंबईच्या रुग्णालयात नेत होतो. गव्हाण फाट्याजवळ तेलाचा लाल दिवा लागला. वडील मागच्या सीटवरून कण्हत म्हणाले, "दिवा खोटा हाय, चल." पुढे खडखड झाली आणि गाडी जागीच थांबली. रिक्षा मिळेपर्यंत ते रस्त्याच्या कडेला माझ्या खांद्यावर डोके टेकून बसले होते. नंतर गॅरेजवाल्याने इंजिन उघडले, तर आत तेलाऐवजी डांबरासारखा गाळ निघाला. वडिलांनी निकाल दिला, "कंपनीचा फॉल्ट."

६. इंजिन नव्याने बांधून घेतलेली ही मोटार मी वहिनी तेजस्वी कुलदीप घरत हिला देते. पुस्तिका मागून घेऊन वाचणारी घरातली ती एकटी. तेल कोणते व केव्हा, हे तीच ठरवील. दादांना गाडी हवी असल्यास त्यांनी तिच्याकडे मागावी व ती "बघू" म्हणाली तर थांबावे. ड्रम ट्रेलरचा आहे. तो ट्रेलरलाच लखलाभ असो.

७. यकृताबाबत. वकील हरेश्वर ठाकूर म्हणतात, "ताई, ते तुम्ही जिवंतपणी देताय. दानाला अटी नसतात." म्हणून ही अट नव्हे, विनंती आहे. माझे यकृत वडिलांना जुळते का, हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी रक्तगटापासून रक्तवाहिन्यांपर्यंत सर्व तपासले. 'आहे ते ओता' असे त्यांच्यापैकी कोणीही म्हटले नाही. यापुढे वडिलांना आयुष्यभर ठरल्या वेळी गोळ्या घ्याव्या लागतील. हे समजावून सांगितल्यावर त्यांनी डॉक्टरांना विचारले, "बरं वाटलं का बंद करू ना?" दादा हसले. मला त्या क्षणी गव्हाण फाटा दिसला. वडिलांनी गोळी चुकवू नये. बरे वाटणे हे गोळी घेतल्यामुळे असते.

८. मी न उरल्यास माझा फोटो भिंतीवर लावू नये, देवी, त्यागमूर्ती इत्यादी शब्दांचा फलक नाक्यावर उभारू नये. तो खर्च व तो उत्साह कलम ७ कडे वळवावा.

हा मजकूर साक्षीदारांसमोर वाचत असताना वडील दारात येऊन उभे राहिले. ते साक्षीदार नाहीत, त्यांना बोलावलेही नव्हते. सर्व ऐकून ते म्हणाले, "बाय, ते 'मी न उरल्यास' खोड." वकिलांनी सांगितले की ते खोडले तर मृत्युपत्रात काहीच राहत नाही. वडील म्हणाले, "मंग नको राहूं दे." त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

शब्द खोडलेले नाहीत. वडिलांना ते पाहवत नसतील, तर मी बरी होऊन ते शब्द खोटे ठरेपर्यंत आणि त्यानंतरही त्यांनी कलम ७ पाळावे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला व तो मला मान्य आहे.

(सही) मृणाली मोरू घरत

आम्ही दोघांनी मृणाली यांना सही करताना पाहिले व त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या:
१. (सही) सुचिता म्हात्रे, जासई
२. (सही) ॲड. हरेश्वर ठाकूर, उरण

स्थळ: जासई
दिनांक: १६ जानेवारी २०२६