तू दवाखान्यात आहेस, आत्या

मुकुंदवाडी, सोमवार

आदरणीय सुलेखा आत्या,

सप्रेम जय भीम. तुझी तब्येत कशी आहे हे विचारायची मला लाज वाटतीय, कारण आमच्या गल्लीत तू गेल्या आठवड्यापासून दवाखान्यात ॲडमिट आहेस. तिकडं लासूर स्टेशनला तू ज्वारीची पोती एकटी सरकवत असशील, पण इथं तुझं काही खरं नाय. घाबरू नको, उतार आहे. (फोनवर बोलायला तोंड नाय, म्हणून पत्र.)

झालं असं, आईची शुगर वाढली. डॉक्टर म्हणले, गोळ्या घ्या, पण रोज चाला. आता चाला म्हणलं, तर कुठं? बाग सिडकोत, म्हणजे चालायला रिक्षानं जायचं. मेन रोडला फुटपाथ आहे, पण त्याच्यावर गाड्या उभ्या आन् गाड्यांखाली कुत्री. राहिली गल्ली. आई पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत जाऊन आली, तर ओट्यावरून लक्ष्मीकाकू म्हणली, "काय वो ताई, कुठं चालल्या?" आई म्हणली, "कुठं नाय." संपलं! बाईमाणूस, हातात ना पिशवी ना कळशी, आन् म्हणे कुठं नाय! दुसऱ्या दिवशी पलीकडून विचारणा आली, "घरात भांडणबिंडण झालं का?" आईनं चपला काढल्या त्या काढल्याच. (मी कथा सुचत नाय म्हणून दिवसभर चड्डीवर हीच गल्ली तुडवत असतो. मला आजवर कुत्र्यानंबी विचारलं नाय. हे मला पहिल्यांदा तेव्हा दिसलं.)

मग मी डोकं चालवलं, तिथंच चुकलं. म्हणलं, हातात काम दिसलं की बास. आईला स्टीलचा डबा दिला, रिकामा. काय ऐटीत निघायची, सकाळ-संध्याकाळ! पण दोन्ही वेळा डबा निघतो म्हणजे घरचं कुणीतरी दवाखान्यात, हे मला सोडून सगळ्यांना माहीत. काकूनं मला धरलं, "कोण ॲडमिट हाय रे?" तोंडातून तुझं नाव निघालं. तू धडधाकट, म्हणलं तुला झेपंल.

आत्या, लोक वाईट असते तर बरं झालं असतं. काकूचा गोकुळ गाडी घेऊन दारात हजर. "मामी, तुमी कशाला पायपीट करता? मी देतो ना पोचवून!" आई घरात बसली. आता खिचडी काकूची (बिनमिठाची, तुला पथ्य म्हणून), गाडी गोकुळची, आन् 'आत्यापाशी बसतो' म्हणून मी आधीच पळत जाऊन दवाखान्याच्या गेटवर उभा. तो डबा देऊन गेला की भिंतीला टेकून खिचडी खातो. टाकवत नाय. म्हणजे शुगर नसलेला रोज पळतोय, आन् जिला चालायचंय ती तुझी चौकशी करायला येणाऱ्या बायांना गोड चहा करतीय, त्यांच्या आग्रहानं घोटभर पितीय. (बाबांना सगळं माहिती आहे. तेबी गल्लीतून तोंड पाडून जातात, करतील काय.) काल आई म्हणली, "जाऊ दे रे. आपलं चालणं कामापुरतंच असतं." तेव्हापासून तिच्या तोंडाकडं बघवंना.

मार पाहिजे तेवढा, पण पत्र पुरतं वाच.

तुझा भाचा,
विश्वजीत

ता.क. : रविवारी अख्खी गल्ली तुला बघायला दवाखान्यात निघणार आहे. म्हणून तू शनिवारी ये. मी सांगीन, सुट्टी झाली, आता महिनाभर भावाकडं आराम.

ता.क. २ : येताना जरा खंगून ये. नाय जमलं तर निदान शाल घे.

ता.क. ३ : डॉक्टरनं तुला रोज चालायला सांगितलंय, असं काकूला आत्ताच सांगून आलो. काकूच म्हणली, आजारी नणंदेला एकटं कसं सोडायचं, भावजयीनं बरोबर जायलाच पाहिजे. तेवढं फक्त हळू चाल. आईला दम लागतो.