पश्चिमेच्या खोलीपुढची सावली

रविवार, दुपार

तीर्थरूप जाऊबाईंना,

धाकटीचा नमस्कार. देवाच्या कृपेने आम्ही दोघं ठीक आहोत. तुमचं पत्र पोचलं. मुलगा-सून फार जपतात, कशाला हात लावू देत नाहीत, दिवसभर नुसती बसून असते, असं लिहिलंत. वाचून बरं वाटलं, असं लिहायला घेतलं होतं. पण आत्ताच देवापुढून उठले आहे, खोटं कशाला लिहू?

पत्राला कारण असं, की अंगणात सावलीचं झाड लावलं. तुमची पश्चिमेची खोली दुपारी तव्यासारखी तापते. झाड नेमकं कुठे लावावं म्हणजे खिडकीवर सावली येईल, ते कळेना. शेवटी तुमच्या दिरांच्या हातात बांबूला बांधलेली छत्री दिली आणि भर उन्हात त्यांना स्टुलावर उभं केलं. मी आत खिडकीशी बसून, "जरा डावीकडे, अजून मागे," करत होते. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय हो, कसली शिक्षा?" हे म्हणाले, "मी सध्या झाड आहे. झाडं बोलत नाहीत."

जागा ठरल्यावर नर्सरीत गेलो. ह्यांना गुलमोहर हवा होता. नर्सरीवाला म्हणाला, वाढतो भराभर, पण वाऱ्यात फांद्या मोडतात आणि मुळं फरशी उचलतात. शेवगा त्याहून घाईचा, पण सावली विरळ. मग त्याने करंज दाखवला. काटक, थोड्या पाण्यावर तगणारा, लवकर वाढणारा, सावली दाट.

"एकच आहे," तो म्हणाला, "बहर आला की फुलांचा सडा पडतो, एरवी पानं. रोज झाडावं लागेल."

"मग नको," हे म्हणाले. "हिची कंबर धरलेली असते."

मी म्हटलं, "चालेल. झाडणारं माणूस आहे आमच्याकडे."

हे माझ्याकडे बघतच राहिले.

लहान रोप स्वस्त पडलं असतं. मी उंचीला माझ्याएवढं घेतलं. घरी येईपर्यंत ह्यांनी दोनदा माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप तर नाही ना म्हणून.

तरी खिडकीपर्यंत सावली यायला दोन-तीन वर्षं जातील. तोवर जुन्या चादरी दुहेरी शिवून जाड पडदा केला आहे. काल दुपारी तुमच्या पलंगावर पडून पाहिलं. झोप लागली. उठले तर चहाची वेळ होऊन गेलेली, आणि हे चहा करायचा म्हणून साखरेचा डबा शोधत होते.

या, असं मी लिहिणार नाही. मोठ्यांना सांगणं मला शोभत नाही, आणि पोरांची मनंही मोडायची नाहीत. पण माझ्या झाडण्यात कोपरे राहतात, हे तुम्हीच सांगत आलात. करंजाने तर लावल्या दिवसापासून पानं टाकायला सुरुवात केली आहे. नवी जागा मानवेपर्यंत टाकणारच, म्हणतो नर्सरीवाला. तुमचा खराटा दाराआड तसाच आहे.

मुलाला, सुनेला आशीर्वाद.

कोपरे मुद्दाम तुमच्यासाठी सोडून अंगण झाडणारी,
तुमची धाकटी जाऊ