कॅप्टन गडगडाटचा शेवटचा चौकोन

डिफायन्स, ओहायो
१२ ऑक्टोबर २००६

प्रिय फर्न यांस,

ऑर्लोचा नमस्कार. तुमच्या खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि तुम्ही काठी घेऊन घरातल्या घरात फिरू लागलात, हे तुमच्या मुलीकडून कळलं. बरं वाटलं. तुमच्याकडे तुसॉनला ऊन अजून उतरलं नसेल. इथे मेपलची पानगळ सुरू झाली आहे. पानं गोळा करायचं काम ओपल मला सांगायची आणि मी ते उद्यावर टाकायचो. आता कुणी सांगत नाही, म्हणून मी ते वेळच्या वेळी करतो. माझी प्रकृती उत्तम आहे. जेवणाचेही हाल नाहीत, कारण चर्चच्या बायकांनी जेवणाने भरलेले इतके कॅसरोल आणून दिले की फ्रीजचं दार लागत नव्हतं. (प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव असतं. मी भांडी स्वच्छ घासली, त्यात पट्ट्याही निघाल्या, आणि मग अंदाजाने परत केली. त्यामुळे सध्या चर्चमध्ये माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात.)

अंत्यसंस्काराला येता आलं नाही याचं मनाला लावून घेऊ नका. तुमचं पुष्पचक्र सगळ्यांत मोठं होतं. त्याच्या कार्डावर तुम्ही लिहिलं होतं, “ओपल, तू जवळजवळ बरोबर सांगत होतीस.” लग्नानंतर तुम्ही आमचं चर्च सोडून कॅथलिक झालात हे पाद्रीबाबांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे त्यांना वाटलं की हा श्रद्धेचा विषय आहे, आणि प्रवचनात त्यांनी ते वाक्य दोनदा घेतलं. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही, आणि लावण्याच्या मनःस्थितीतही मी नव्हतो.

पत्राला विशेष कारण नाही. ‘कॅप्टन गडगडाट’ या चित्रकथेच्या अंकाचं पुढे काय करायचं ठरलं, एवढंच कळवायचं आहे. तो दहा सेंटांचा अंक तुम्ही दोघी बहिणींनी लहानपणी पाच-पाच सेंट घालून घेतला होता, म्हणजे अर्धा तुमचा. कुपनाचा विषय मी या पत्रात काढणार नाही, निश्चिंत असावं. ती बाब तुम्हा दोघींमधली होती. दर नाताळला ओपल फोनवर विचारायची, “फर्न, कुपन कुठंय?” तुम्ही म्हणायचात, “कुठलं कुपन गं? मी ते तेव्हाच पोस्टात टाकलं. बरं, टर्की किती पौंडांची आणलीस?” आणि फोन ठेवून ओपल मला म्हणायची, “खोटं बोलते. तिच्याकडे तेव्हा दहा सेंट नव्हतेच, आणि कुपनासोबत दहा सेंट पाठवल्याशिवाय सभासदाचा बिल्ला मिळत नव्हता.” मी मध्ये पडलो नाही. आजही पडत नाही.

पण अंकाची हकिगत सांगायची तर शेवटच्या पानावरच्या भोकाबद्दल बोलणं भागच आहे. गोष्ट तुम्हाला पाठ असेल. कॅप्टन गडगडाटला भिंत फोडता येते, पण उडता येत नाही, त्यामुळे तो संकटाच्या जागी ट्रामने जातो. (ओपलला हे फार आवडायचं. “तिकीट काढतो बघ,” म्हणून ती दर वेळी मला ते चित्र दाखवायची.) शेवटच्या पानावर धरणाला भेग पडते. खाली गाव असतं. कॅप्टन भेगेला पाठ लावून उभा राहतो, पाणी खांद्यावरून यायला लागतं आणि तो ओरडतो, “आता एकच उपाय आहे!” पुढच्या चौकोनाच्या जागी भोक. पानाच्या पलीकडच्या बाजूला मित्रमंडळाचा सभासद होण्याचं कुपन होतं, ते ओपलने वाचायच्या आतच कापलं गेलं आणि शेवटचं चित्रही त्याबरोबर गेलं. दुसरा अंक निघायच्या आत कंपनी बुडाली. निघालेल्या प्रतींपैकी बहुतेक महायुद्धात गोळा केलेल्या रद्दीत गेल्या. तेव्हा तो एकच उपाय कोणता, हे ओपलला कधीच कळलं नाही. ती दर हिवाळ्यात अंक मोठ्याने वाचायची आणि शेवट स्वतः रचायची. दर वेळी वेगळा असायचा, पण त्यात घोडा हटकून यायचा. मी आयुष्यभर पाणीपुरवठा खात्यात काम केलं. घोड्याने धरण वाचत नाही हे मी तिला अनेक वेळा समजावलं.

आता चूक माझी झाली ती अशी. वर्तमानपत्रासाठी निधनवार्ता मी लिहून दिली. संपादकांचा फोन आला, “फारच आटोपशीर झालंय, त्यांच्या आवडीनिवडीचं काही घाला ना.” मी घातलं की त्यांना रजया शिवायची आवड होती आणि त्यांच्याकडे कॅप्टन गडगडाटचा पहिला अंक होता. झालं. अंत्यसंस्काराच्या आदल्या संध्याकाळी अंत्यदर्शनाला जी रांग लागली, तिच्यातले निम्मे लोक मी जन्मात पाहिले नव्हते. मला वाटलं, ओपलच्या ओळखी माझ्या कल्पनेपेक्षा बऱ्याच जास्त होत्या, आणि मला अभिमान वाटला. एका गृहस्थाने माझा हात हातात घेऊन हळू आवाजात विचारलं, “एकंदर अवस्था कशी होती हो?” मी म्हणालो, “शेवटचे दोन महिने फार नाजूक.” “कणा?” “तो त्रास जुनाच.” “आणि कोपरे? दुमडलेले?” इथे मला संशय आला. शेजारच्या डोरीनने (चर्चची खजिनदार, आवाज मोठा, मन त्याहून मोठं) त्याला दंडाला धरून बाहेर नेलं, आणि येताना तिच्या हातात त्या गृहस्थासकट सहा जणांची व्हिजिटिंग कार्डं होती. “ऑर्लो,” ती म्हणाली, “तुझ्या घरात नक्की आहे तरी काय?”

मग तिनेच मला तिच्या गाडीतून टोलेडोला नेलं. तिथे अशा जुन्या चित्रकथांच्या अंकांचा मेळावा भरतो. अंक ओपल जसा ठेवायची तसाच नेला, म्हणजे जेवणाच्या मोठ्या टेबलक्लॉथच्या घडीत, आणि टेबलक्लॉथ केक न्यायच्या डब्यात. सभागृहात माझ्या वयाची माणसं मुखवटे घालून हिंडत होती. कोणालाही त्याचं काही वाटत नव्हतं, म्हणून मीही मनावर घेतलं नाही. अंत्यदर्शनाला आलेला कोपरेवाला तिथे भेटला. त्याचं नाव क्लेटन. तो जुन्या अंकांचा व्यापारी आहे, केसांची शेपटी बांधतो आणि स्वभावाने वाईट नाही. मी डबा उघडल्यावर त्याला आधी केकच वाटला. मग त्याने पांढरे हातमोजे चढवले आणि म्हणाला, “काका, श्वास जरा बाजूला सोडा.” एकेक पान उलटताना तो देवळात बोलावं तसं बोलत होता. लोक जमले. शेवटचं पान उलटलं आणि त्याच्या तोंडून आवाज निघाला.

“हे कुणी केलं?”

“माझ्या मेहुणीने. कात्रीने.”

एक बाई खुर्ची ओढून खाली बसल्या. मागून कुणीतरी म्हणालं, “आणि ती अजून मोकळी फिरते?” मी म्हणालो, “काठी घेऊन.” (हे मी तुमच्या बाजूने म्हणालो होतो, पण त्याचा फारसा उपयोग झाला नाही. टोलेडोत तुमचं नाव चांगलं राहिलेलं नाही, आणि सांगायला खेद होतो की नाव डोरीनने स्पेलिंगसकट सांगितलं.) डोरीनने पर्समधून चिकटपट्टी काढून “भोकाला मागून एक कागद लावू का?” असं विचारलं, तेव्हा तर दोघांनी तिचे हातच धरले. या लोकांत चिकटपट्टी म्हणजे कात्रीपेक्षाही मोठं पाप.

अशा जाणत्या लोकांत आपण आलोच आहोत, तर काम करून घ्यावं, म्हणून मी विचारलं, “या गोष्टीचा शेवट काय आहे?” क्लेटनने सांगितलं की न कापलेल्या दोनच प्रती आता माहीत आहेत. एक कॅलिफोर्नियात कुणाच्या तरी तिजोरीत आहे, आणि दुसरी याच सभागृहात, पलीकडच्या काचेच्या कपाटात. मी तडक तिकडे गेलो. फर्न, तो अंक मी पाहिला. काय रंग, काय झळाळी! पण तो जाड पारदर्शक प्लास्टिकच्या दोन पत्र्यांत कायमचा सीलबंद केलेला होता. वर अवस्थेचे गुण छापले होते, शेजारी पहारेकरी होता. मालक क्लीव्हलंडचे दंतवैद्य होते. मी ओळख करून दिली आणि विचारलं, “शेवटी काय होतं?”

“कशाच्या?”

“गोष्टीच्या.”

त्यांनी माझ्याकडे, मग अंकाकडे पाहिलं. “मी घेतला तेव्हाच बंद होता,” ते म्हणाले. “मुखपृष्ठ फार सुंदर आहे मात्र.”

“मग उघडून बघू या ना. मी हात धुऊन येतो.”

पहारेकरी एक पाऊल पुढे आला. क्लेटनने मला कोपराला धरून बाजूला घेतलं आणि समजावलं, “काका, चारचौघांत असं बोलू नये. सील फोडलं की गुण गेले. वाचायला कोण घेतो हे अंक?” त्या सभागृहात मी आणखी बऱ्याच जणांना विचारलं. कॅप्टनच्या टोपीवरच्या विजेला किती टोकं आहेत, आतल्या टाचण्या कोणत्या कारखान्याच्या, कुठल्या पानावर शाई फिकी आली, सगळं सगळ्यांना ठाऊक होतं. धरणाचं काय झालं, ते एकालाही माहीत नव्हतं. एका मुखवटेवाल्याने तर मलाच उलट विचारलं, “त्यात धरण आहे?”

येताना गाडीत मी शांतपणे विचार केला आणि निर्णय घेतला. मी गोंधळलेलो नाही. डोरीनला वाटतं मी दुःखात आहे, म्हणून तिने मला दोनदा थांबवून कॉफी पाजली. दुःख आहेच, पण डोकं ठिकाणावर आहे. शनिवारी क्लेटन घरी येईल आणि अंक घेऊन जाईल. तो सीलबंद होईल, भोकासकट त्याला जे काही गुण मिळायचे ते मिळतील, आणि लिलावात जे येईल त्यातलं अर्धं तुमचं. मला त्याचा आता काही उपयोग नाही. माझा आवाज वाचायला चांगला नाही आणि शेवट रचणं मला जमत नाही. विषय संपला. तुमच्याकडून मला काही नको. तुम्ही फक्त खुब्याची काळजी घ्या आणि डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करा. (ओपल म्हणायची, फर्न व्यायाम करते असं सांगेल आणि टीव्ही बघत बसेल. मी मध्ये पडत नाही.)

मुलीला आणि जावयांना आठवण सांगावी.

तुमचा मेहुणा,
ऑर्लो

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, तेवढ्यात शनिवार येऊन गेला. क्लेटन वेळेवर आला, हातमोजे घालून. मी त्याला विचारलं, “सील केल्यावर पुन्हा कधी वाचता येणार नाही ना?” तो म्हणाला, “काका, त्याचसाठी तर करायचं.” मी अंक टेबलक्लॉथच्या घडीत परत ठेवला आणि त्याला डोरीनचा केक दिला. दोन तुकडे खाऊन, अजिबात न रागावता तो गेला. तेव्हा वर लिहिलेला निर्णय रद्द समजावा. नवा निर्णयही तितकाच पक्का आहे.

ता. क. दुसरा. हे वर लिहायला हवं होतं. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात ओपलला अंक धरवत नव्हता, म्हणून मी वाचून दाखवला. ट्रामचं तिकीट दाखवलं. भोकापाशी आलो आणि थांबलो. ती म्हणाली, “मग? पुढे?” खात्यात जे करतात तेच मी सांगितलं, “त्याने सांडव्याचं गेट उघडलं. पाणी हळूहळू उतरलं.” ती हसली. म्हणाली, “ऑर्लो, तुझ्याकडून हीच अपेक्षा होती,” आणि झोपली. त्यानंतर आमचं काही बोलणं झालं नाही. म्हणजे तिने ऐकलेला शेवट तो आहे, आणि तो माझा आहे.

ता. क. तिसरा, आणि शेवटचा. काल पुष्पचक्राचं कार्ड पुन्हा वाचलं. “जवळजवळ बरोबर.” ज्याने ते चित्र पाहिलंय, त्यालाच हे लिहिता येईल. म्हणजे ओपल म्हणायची तसं कुपन पोस्टात गेलेलंच नाही, आणि ते तुमच्याकडे आहे. कुठे आहे, इतकी वर्षं का लपवलं, हे मी विचारणार नाही, मी मध्ये पडत नाही. फक्त ते उलटं करून मागचं चित्र बघा. गेट उघडलं असेल, तर एका ओळीचं पत्र पुरे, सावकाश टाका. पण घोडा असेल, किंवा खेचर, किंवा चार पायांचं दुसरं काहीही (जवळजवळ म्हणजे नक्की किती, ते तुम्हालाच ठाऊक), तर पत्र नको आणि फोनही नको. कुपन घेऊन स्वतः या. विमानतळावर डोरीन गाडी आणेल, तिच्याशी बोललो आहे. मला कबरीपाशी जाऊन ओपलला सांगावं लागेल की मी तिला चुकीचं सांगितलं. तसलं काही मला मोठ्याने वाचता येणार नाही. तुम्ही वाचा. मी तुमची काठी धरून शेजारी उभा राहीन.