मागच्या भिंतीतलं दार

७ जानेवारी २०२४, पिंपळवंडी

पोहोचलो. अक्काला रुग्णवाहिकेतून उतरवताना तिने आधी आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, शाले, इथे छत नाही गं! गेल्या वर्षी अर्धांगवायूने तिची डावी बाजू गेली. तेव्हापासून पुण्यात तिसऱ्या मजल्यावर पंख्याकडे बघत पडून होती. जिना अरुंद, लिफ्ट नाही. मीच ठरवलं, बैठं घर हवं, मोकळी हवा हवी. आईमागे या थोरल्या बहिणीनेच मला वाढवलं, कॉलेजात घातलं. आता माझी पाळी. त्यात उपकार वगैरे काही नाही.

घर मळ्यात आहे, साधं, विटांचं. मालक हौशीराम चाकणला कंपनीत असतो. शेजारच्या सरूबाई स्वयंपाकाला येणार. बाई तोंडाळ. माझी पुस्तकांची खोकी पाहून म्हणाल्या, एवढी रद्दी घिऊन कुठं निघालाय, बाई? मला आवडल्या.

१० जानेवारी

काम सुरू केलं. साहित्यात, चित्रांत आणि इमारतींत भिंत आणि दार काय सांगतात, यावर विद्यार्थ्यांसाठी लहानसं पुस्तक लिहायचं आहे. आयुष्यभर चित्रकला शिकवली, तेव्हा एवढं पक्कं ठाऊक आहे: चित्रात उघडं दार काढलं की नजर आपोआप आत जाते, कोरी भिंत काढली की थांबते. जात्यावरच्या ओव्यांत दार म्हणजे वाट पाहणं. लेण्याद्रीच्या खोल्यांना आज दारं नाहीत, तरी उंबऱ्याशी आपण थबकतो, आत कुणी असल्यासारखे. हे नीट मांडायला हवं.

अक्काच्या खोलीची मागची भिंत मात्र आंधळी आहे. मधोमध एक बुटका पट्टा वेगळ्या विटांचा. पूर्वी दार असणार, कुणीतरी बुजवलं. ते उघडलं तर तिला पलंगावरून ऊस दिसेल, त्यामागे डोंगर.

१३ जानेवारी

हौशीरामला फोन केला. त्याने आधी बिबट्याची भीती घातली. उसाच्या अंगाला दार कशाला, बाई, बिबट्या काय बेल वाजवून येतोय व्हय? मी म्हटलं, लोखंडी जाळीचं दार बसवीन. त्याने बिबट्याचा विषय सोडला. मग म्हणाला, करा तुमाला पायजे तर, पन मला इचारलं व्हतं असं गावात कुनाला सांगू नका. भाऊबंदकीचं काहीतरी असेल. मी खोलात गेले नाही.

१८ जानेवारी

जुन्नरहून शफी गवंडी आला. सरूबाई लेकीकडे बोरीला गेल्या आहेत, त्यामुळे त्यांची टीका ऐकावी लागली नाही. जुन्या विटा नुसत्या चिखलात बसवलेल्या, हातानेच निघाल्या. शफी हसला. म्हणाला, म्याडम, ज्यानं हे काम केलं त्याच्या मागं पोलीस लागलं व्हतं का काय! एवढी घाई. ओळंबापन लावला नाय.

दार छान झालं. अक्का दुपारभर उसाकडे बघत होती. संध्याकाळी तिने मागून घेऊन दूधभात खाल्ला.

२१ जानेवारी

सरूबाई परतल्या. खोलीच्या तोंडाशी आल्या, दार पाहिलं आणि हातातली परात तिथेच ठेवून मागे सरकल्या. मला वाट्टेल ते बोलल्या. ते दार नव्हतंच म्हणे कधी.

हौशीरामची चुलती ठकूबाई याच खोलीत अंथरुणाला खिळून होती. कुशीवर वळवा रं कुनी, कुशीवर वळवा, एवढंच ओरडायची. कुणी वळवलं नाही. पाठ सडली. मेली ती पंचकात. त्या पाच नक्षत्रांत मेलेल्याला या वस्तीत दारातून नेत नाहीत. मागची भिंत फोडून प्रेत काढतात, आणि सरणावरून माणसं परतायच्या आत ती बुजवून टाकतात. मेलेला माणूस गेल्या वाटेनंच माघारी येतो, वाट बुजली की हुडकत फिरतो आन् दमतो, असं सरूबाईंचं म्हणणं. शेवटी म्हणाल्या, तुमी तर चौकट बसवून, रंग लावून बोलावलं की तिला! आजच बुजवा.

मी सांगितलं, असल्या गोष्टी मी मानत नाही. अक्का वर्षभरानंतर हसते आहे, ती भिंत मी पुन्हा घालणार नाही. पुस्तकासाठी मात्र प्रथा टिपून ठेवली. एकदाच वापरायचं दार. असा विचार मी कुठे वाचला नव्हता.

सरूबाई आता डबा अंगणात ठेवून जातात.

२५ जानेवारी

अक्का म्हणते, दुपारी एक बाई येऊन उंबऱ्यावर बसते. बोलत नाही, मी अक्काला भरवते तेव्हा घासाकडे बघते. सरूबाईंचं बोलणं अक्काच्या कानावर गेलं असणार. त्यांना झापायला हवं.

२८ जानेवारी

पाठीला तेल लावताना अक्का हळूच म्हणाली, ती आता आत येते. मला म्हणते, जराशी सरक.

मी विचारलं, मग?

सरकले, म्हणाली. तिचं कुणी नाही गं.

स्वतःहून अक्काला बोटभरही सरकता येत नाही. पण ती पलंगाच्या कडेला होती. मी तिला मध्ये ठेवलं होतं.

३० जानेवारी

पलंगाची दुसरी बाजू दबलेली. चादर ओली, वास येतो — पुवाचा. अक्काची पाठ स्वच्छ आहे. मी स्वतः पाहिली. दोनदा.

जाळीला आतून कडी होती, लावलेलीच. शफीला फोन केला. उद्या ये म्हटलं, उद्याच.

३१ जानेवारी

भिंत झाली. भर दुपारी, उन्हात. शफी या वेळी हसला नाही.

काम सुरू होण्याआधी अक्काने माझा पदर धरला. शाले, तिला जागा दिली ना मी, आता मी कुठे जाऊ? मी म्हटलं, वेड्यासारखं बोलू नकोस, आणि चहा टाकायला गेले. परत आले तेव्हा शेवटचा थर बसत होता. अक्का पलंगावर होती, मधोमध, तोंड फिरवून.

मी चहा टाकायला का गेले?

२ फेब्रुवारी

नारायणगावहून डॉक्टर येऊन गेले. फार खूश. डाव्या हाताला जोर आला म्हणाले, क्वचित असं होतं, सेवा केलीत तुम्ही. सरूबाईसुद्धा अंगणातून ओरडल्या, बरं झालं बाई, सुटलात!

डाव्या हाताने वाटी धरून खाते. वाटी चाटते. अक्काने कधी वाटी चाटली नाही.

मला बाई म्हणते. बाई, कुशीवर वळवा. वळवलं की रडते आणि माझे हात धरते. सोडत नाही. बाई, पुन्हा वळवा.

४ फेब्रुवारी

भिंतीतून हाक आली. शाले.

दुपार होती. मी जागी होते, पोळी खात होते. बाहेर जाऊन पाहिलं — ऊस, ऊन, कोरडा गिलावा. कुणी नाही. आत आले. कान लावला. अगदी जवळ. शाले, इथे अंधार आहे गं.

भिंतीला कान असतात म्हणतात. तोंड असतं असं कुणी लिहिलेलं नाही.

पलंगावरची म्हणाली, बाई, तिकडं ध्यान देऊ नका. तुमी लई चांगल्या हायेत.

५ फेब्रुवारी

सरूबाईंना भिंतीशी आणून उभं केलं. त्यांना ऐकू येत नाही. म्हणाल्या, पुन्हा फोडलीत तर ठकूबाईच येईल अक्काचा आवाज काढून. मेली माणसं आवाज काढत्यात.

असेल. मग ही कोण, जी माझ्याकडे बघते आहे?

भिंत राहू दिली तर अक्का तिथेच —

फोडली आणि ती अक्का नसली तर —

आवाज बारीक होत चालला आहे. पाणी मागते आहे.

६ फेब्रुवारी

सरूबाईंच्या गोठ्यातून पहार आणली. त्यांना सांगितलं नाही.

बाई, नका. पलंगावरची हात जोडते आहे. मला कुनी वळवलं नव्हतं हो. खरं तेच बोलते आहे. वाईट नाही ती. पण तिची बहीण मी नाही.

सकाळ. भोक पडलं. पलीकडे ऊन असायला हवं. ऊस हवा. काही नाही — काळोख, आणि खाली अक्का. पाठीवर पडली आहे. केस दिसले. हात पुरत नाही.

मोठं केलं. खांदा जातो. तिला ओढून घ्यायचं तर — मागे पलंग वाजला. उठली. पलंगावरची उभी आहे, माझ्या आणि खोलीच्या दाराच्या मध्ये. अक्काला ठेवायला इकडे जागा नाही. अक्काची जागा हिने —

अक्का म्हणते, नको येऊस. शाले, तू येऊ नकोस.

तिची पाठ. सडेल ती. कुणीतरी वळवायला हवं.

जाते. एक पाय टाकला आहे. आत म्हणावं की बाहेर, काही कळत —